रोल, जुनी काच आणि कुठंतरी गेलेलं कुंकू

कोरडवाहू

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. परवा एका गावात माझी फजिती झाली म्हणून आज बसलोच. सल्ला हवाय, पण आधी थोडं पाल्हाळ सोसावं लागेल.

माझं काम ठिबकचं. आठवड्यातले चार दिवस सोलापूरच्या बाहेर जातात. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, कधीमधी करमाळा. गाडीच्या डिकीत लॅटरल नळ्यांची वेटोळी, जॉइनर, फिल्टरच्या जाळ्या, आणि त्यांच्यात जुन्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळलेली याशिका मॅट १२४ जी. दोन भिंगांचा खोका. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फिल्म बघते. आपल्याकडचा एक स्टुडिओ बंद झाला, मालकांनी कपाट रिकामं केलं, तेव्हा मिळाली. काच एकदम स्वच्छ. (कोकणातल्या मंडळींनी इथे जळायला हरकत नाही. आपल्या कोरड्या हवेत भिंगाला बुरशी फारशी धरत नाही. धुळीचं विचारू नका.)

भिंग ८० मिमी, एफ/३.५ चं याशिनॉन. चारच काचा, मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या. त्साइसच्या पाउल रुडॉल्फनं १९०२ साली केलेली ही टेसरची मांडणी, पुढे जगभर सगळ्यांनी उचलली. पूर्ण उघडलं तर कोपरे ताकासारखे पातळ येतात. एफ/८ वर आणा (एफचा आकडा मोठा तेवढं भिंगाचं तोंड लहान) आणि मग निगेटिव्हवर लूप, म्हणजे बघायचं छोटं भिंग, ठेवून बघा. धनगराच्या खांद्यावरच्या घोंगडीचा सुटलेला केस अन् केस दिसतो, आणि तरी ते टोचत नाही. मोबाईलमध्ये प्रत्येक कडेला जी एक खरवडलेली रेघ येते ती यात नाही.

फोकसची फिरकी डाव्या हाताला. पन्नास वर्षांचं ग्रीस असूनही लोण्यात सुरी फिरावी तशी फिरते. दुधी काचेवर चित्र हळूहळू गोळा होतं. ते उलटं असतं, म्हणजे डावीचं उजवीला. बैल उजवीकडे चालला की काचेत डावीकडे जातो आणि त्याला पकडायला आपण हमखास चुकीच्या बाजूला वळतो. दोन वर्षं झाली, अजून वळतो. मान खाली घालूनच बघावं लागतं. गावात एकदा एक आजोबा बराच वेळ माझ्याकडं बघत होते, शेवटी जवळ येऊन म्हणाले, "काय पडलंय का? मी बी हुडकू लागतो की."

आता उन्हाचं. दुपारी फोटो काढू नका असं सगळे सांगतात. पण मला शेतकरी भेटतो तो अकरा ते चारमध्येच. पांढरं धोतर, पांढरी टोपी, टोपीखाली सावलीत गेलेला चेहरा आणि पायाखाली काळं रान. याहून वाईट जोडी कुठल्याच कॅमेऱ्याला नको असते. माझ्या डिजिटलवर धोतर म्हणजे कागद कापून चिकटवल्यासारखं यायचं. निगेटिव्हला जास्त उजेड पडला तर ती नुसती दाट होत जाते, एकदम हात टेकत नाही. प्रिंट करताना त्या भागाला थोडा जास्त वेळ दिला की धोतराच्या निऱ्या परत येतात. त्यात जुन्या काचेत थोडा उजेड इकडंतिकडं सांडतोच. तो सावलीत जाऊन पडतो आणि टोपीखालचे डोळे दिसतात. ज्याला काचेचा दोष म्हणतात तो मला आपल्या उन्हात उपयोगी पडतो.

फिल्म बहुतेक वेळा एफपी४, म्हणजे १२५ ची. हा आकडा जेवढा मोठा तेवढा फिल्मला उजेड कमी लागतो. ४०० ची घातली तर दुपारी १/५०० सेकंदाला एफ/१६ वर अडकायला होतं. १२५ वाली असली की त्याच १/५०० ला एफ/८ मिळतं, जिथं हे भिंग सगळ्यात गोड आहे. मीटर काळ्या रानावर धरलं तर ते रानाला राखाडी करायला बघतं, म्हणजे बाकी सगळं जळतं. खिलार बैलावर धरलं तर उलटं, बैल मळका. मी आपला उन्हात तळहात धरतो, त्यावर मीटर बघतो आणि एक स्टॉप जास्त देतो, म्हणजे दुप्पट उजेड.

तर फजिती. जानेवारीत मंगळवेढ्याच्या अलीकडं एका वस्तीवर हुरड्याला बोलावलं होतं. घरचे आजी-आजोबा आणि त्यांचा खिलार सर्जा, तिघांचा फोटो काढायचं ठरलं. आभाळ निरभ्र निळं. मला सुचलं लाल फिल्टर लावायचं. निळं आभाळ काळं पडणार, त्याच्यापुढं पांढरा बैल. तीन स्टॉप गेले, १/६० वर काढला. निगेटिव्ह सुंदर. न्हाणीघरात रात्री दोनपर्यंत बसून ८ बाय १० चा प्रिंट केला. आभाळ असं आलं होतं की प्रिंट धुताना मी तासभर आभाळच बघत होतो.

गेल्या आठवड्यात नेऊन दिला. आजींनी हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माजं कुक्कू कुटं गेलं?"

कपाळ कोरं. रुपयाएवढं लाल कुंकू, त्याचा मागमूस नाही. शेजारी आजोबा उभे, धडधाकट. कुणी काही बोललं नाही. सुनेनं फोटो घेतला आणि फळीवर पालथा ठेवला. चहा आला, पण तो चहा कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

फिल्टरनं झालं हे कळतंय. आता काय करू? प्रिंटवर हातानं काढून देऊ का कुंकू?

---

माळरान

बाप रे. वाचताना माझ्याच पोटात गोळा आला.

---

सेन्सरवाला

रंगीत काढ, घरी ब्लॅक अँड व्हाइट कर. खरं सांगायचं तर लाल चॅनल वर ओढला की डिजिटलमध्येही कुंकू असंच गायब होतं, हे मी एका लग्नाच्या अल्बममध्ये केलंय. पण ते मला स्क्रीनवर दिसलं आणि दोन मिनिटांत मागं घेतलं. तुला कळायला महिना लागला आणि कळलं ते कुणाच्या दारात.

बाकी धोतराबद्दल: रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढ, दीड स्टॉप कमी दे, घरी सावल्या उचल. निऱ्या येतात. आजकालचे सेन्सर ते आरामात सोसतात. तुझा कॅमेरा जुना असेल. आणि शेवटी निगेटिव्ह स्कॅनच करतोस ना? म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यानं फोटोचा फोटो.

---

हायपो

कोरडवाहू, हातानं कुंकू काढू नका. मी सांगतो काय करायचं. आधी जरा जुनं ऐका.

मी स्टुडिओत लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आमच्या मालकांकडं प्लेट कॅमेऱ्याच्या काळातले फोटो लावलेले होते. त्यात बायकांचं कुंकू काळं कुळकुळीत, शाईचा ठिपका ठेवल्यासारखं. मी विचारलं तर मालक म्हणाले, जुन्या फिल्मला लाल दिसायचंच नाही. ऑर्थो म्हणायचे तिला. जे तिला दिसत नाही ते प्रिंटमध्ये काळं. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. पुढं पॅन फिल्म आली, तिला सगळे रंग दिसायला लागले आणि कुंकू राखाडी झालं. सावळ्या कपाळावर ते तसंही अर्धं मिसळतं. तुम्ही वर लाल फिल्टर लावलात. लाल फिल्टर लाल उजेड तेवढा आत सोडतो. कुंकवातून लाल भरपूर येतो, आपल्या कातडीतूनही बऱ्यापैकी येतो, दोघं एकाच रंगाचे होतात. कुंकू पुसलं नाही, कपाळच त्याच्या बरोबरीला आलं.

आमच्याकडं निगेटिव्हला रिटचिंग करायचे. मेडियम लावून, टोकदार शिसपेन्सिलीनं निगेटिव्हवर. त्यानं सुरकुती, देवीचे व्रण उजळ करता येतात. कुंकू गडद हवं, म्हणजे निगेटिव्ह तिथं खरवडावी लागेल. एवढ्याशा चौकोनातल्या एवढ्याशा कपाळावर ते तुम्हाला जमणार नाही, मलाही आता जमणार नाही, हात हलतो.

उपाय सोपा आहे. पोपटी-हिरवा फिल्टर घ्या. जुन्या नावानं एक्स-वन, आकडा ११. हिरवा लालला अडवतो, म्हणून कुंकू ठसठशीत गडद येतं. आभाळही थोडं उतरतं, लालएवढं काळं नाही होणार. दोन स्टॉप धरा. चेहरा किंचित सावळा येईल, तर अर्धा स्टॉप आणखी द्या. तुमच्या याशिकाला बे-वन मापाचा लागतो, तो आता बाजारात मिळणं मुश्कील. माझ्या डबीत एक आहे. नवी पेठेत येऊन घेऊन जा.

---

कोरडवाहू

काका, दंडवत. शनिवारी येतो.

सेन्सरवाला, तुझं बरंचसं खरं आहे. स्कॅन करतो ते इथं दाखवायला. गावात देतो तो एन्लार्जरवर काढलेला प्रिंट. आणि डिजिटलनं निऱ्या येतात हे मान्य. मला तो दोन मिनिटांत मागं घेण्याचा भाग नकोसा वाटतो इतकंच. गावात कॅमेऱ्याला मागं पडदा असला की चार पोरं येऊन "दाखवा दाखवा" करतात, फोटो तिथंच बघून संपतो. याशिकाला पडदाच नाही. मग "कधी आणून देताव?" असं विचारतात, आणि तारीख द्यावी लागते.

---

सेन्सरवाला

तारीख द्यायला रोल कशाला लागतो? प्रिंट मीही नेऊन देतो. रोलवाल्यांनी हे जे एक सोवळं तयार केलंय ना, की आम्हीच काय ते परत जातो...

---

माळरान

झालं सुरू. दर वर्षी हा धागा निघतो आणि दर वर्षी इथंच येतो.

विषय बदलायला एक किस्सा. माझ्याकडं सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ हे जुनं भिंग आहे. घेतलं तेव्हा काच चहासारखी पिवळी. त्या काळच्या काही काचांत थोरियम घालायचे, त्यानं उजेड चांगला वळतो, पण वर्षांनुवर्षं त्याच्याच किरणोत्सारानं काच पिवळी पडत जाते. उपाय म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी पिवळेपणा जातो. परदेशातली मंडळी त्यासाठी खास दिवे लावून महिनाभर बसतात. मी एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवलं, खाली ॲल्युमिनियमचा कागद, मागची काच वर. शेजारी आईच्या कुरडया आणि सांडगे. आई म्हणाली, "हे कुठल्या वाळवणातलं?" आठवड्यात काच पाण्यासारखी झाली. सोलापूरच्या उन्हानं माझं केलेलं हे एकमेव भलं.

दोन खबरदाऱ्या. रोज जागेवरून हलवा आणि आसपास जळण्यासारखं काही ठेवू नका, कारण शेवटी ते भिंग आहे. आणि फार तापू देऊ नका, आतलं ग्रीस पातळ होऊन डायफ्रामच्या पात्यांवर येतं.

---

पडदाफाटका

जळण्यावरून माझ्या नावाचा इतिहास सांगतो, कुणी विचारलेला नाही तरी.

रशियन झोर्की-४ कॅमेरा, त्याला ज्युपिटर-८ भिंग. ५० मिमी, एफ/२. त्साइसच्या सोनारवरून उतरवलेलं भिंग. काय गोलाई देतं चेहऱ्याला! हत्तरसंग कुडलला गेलो होतो, सीना आणि भीमेच्या संगमावर. देवळातला तो १०१८ सालचा मराठी शिलालेख आणि तिथलं बहुमुखी शिवलिंग बघून झालं, काठावर दगडावर बसलो डबा खायला. कॅमेरा शेजारी ठेवला, टोपण न लावता, तोंड आभाळाकडं. भाकरी, ठेचा, दही, पंधरा मिनिटं.

या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात एसएलआरसारखा आरसा नसतो. भिंगाच्या मागं थेट कापडी पडदा. भिंग अनंतावर होतं, सूर्य नेमका पडद्यावर गोळा झाला. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत डाव्या कोपऱ्यात एक पांढरा गोळा आहे. पहिल्या रोलला मला वाटलं देवाची कृपा आहे.

पंक्चर काढायच्या सोल्युशनमध्ये काजळी कालवून छिद्र बुजवलं. अजून टिकलंय. पण टोपण लावायला शिकलो.

---

भीमाकाठची

मी एरवी या विभागात येत नाही, कुंकू वाचून आले.

कोरडवाहूदादा, तुमचं लिखाण आवडलं. एक विचारू? ब्लॅक अँड व्हाइट रोल हातात आला की तुम्हा लोकांना गावात म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या सोडून काही दिसतच नाही का? माझं माहेर भीमेकाठी. तिथं पोरी स्कूटीवर कॉलेजला जातात, माझा भाऊ ड्रोननं फवारणी करतो, चुलती पतसंस्थेत आहे. यांचे फोटो कुणी काढत नाही. येणारा प्रत्येक कॅमेरेवाला आमच्या आजीला उन्हात बसवतो आणि म्हणतो, हसू नका. ती बिचारी विचारते, नवं लुगडं नेसू का? हे म्हणतात, नको, आहे तेच छान आहे. तिला वाटतं आपण कसे दिसू, यांना वाटतं कापडाचा पोत कसा येईल.

चित्रकार ज्योती भट्टांचे फोटो बघा. साठच्या दशकाच्या शेवटापासून ते गावोगाव फिरले, भिंतीवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या यांचे फोटो काढत. कृष्णधवलच. पण तिथली माणसं काहीतरी करणारी आहेत, बाईनं भिंतीवर जे काढलंय ते तिचं आहे. नुसता पोत म्हणून कुणी बसलेलं नाही.

तुमच्या आजीचा राग मला फिल्टरचा वाटत नाही. तुम्ही आभाळ बघत होतात हे तुम्हीच लिहिलंय.

---

कोरडवाहू

ताई, लागलं. काढलेले रोल चाळले. गेल्या वर्षीच्या नऊ रोलांत साठीच्या आतलं माणूस शोधायला लागलं. डाळिंबाच्या बागेत छाटणी करणाऱ्या बायकांचा एक सापडला, तोही हलला आहे.

आणि एक लिहायचं राहिलं होतं, मुद्दाम राहिलं असेल. प्रिंट बघून कुंकवाच्याही आधी आजी दुसरंच म्हणाल्या होत्या. "रंग न्हाई व्हय ह्यात?" त्या दिवशी त्या हिरवंगार लुगडं नेसून आल्या होत्या, ट्रंकेतलं. मी ते राखाडी करून ठेवलं होतं.

---

हायपो

भीमाकाठची यांना एक सांगावंसं वाटतं. आमच्याकडं यात्रेच्या दिवसांत गावाकडची माणसं यायची, गड्ड्याच्या जत्रेला आली की फोटो काढूनच जायची. सगळी नवे कपडे घालून, केस चापून, खुर्चीत ताठ. एकालाही आपल्या सुरकुत्या नको असायच्या. मालक सांगायचे, गिऱ्हाइकाला पाच वर्षांनी तरुण कर आणि बाईचा प्रत्येक दागिना दिसला पाहिजे. मग कृष्णधवल प्रिंटला पाण्याच्या रंगांनी रंगवायचे. लुगडं हिरवं, चोळी लाल, कुंकू लाल. जादाचे पैसे पडायचे आणि लोक द्यायचे.

गरिबाघरचा फोटो म्हणजे बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक-थ्री. कुणाकडं तरी पुण्या-मुंबईहून आलेला असायचा. एका रोलवर बारा फोटो, पातळ भिंग. सगळं मऊ यायचं. तरी ते लोक पाकिटात घालून जपायचे.

आम्हाला फिल्म ओर्वोची, कागद पुष्कळदा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, इंदू नावाचा. आज कुणी इंदूला चांगलं म्हणणार नाही, पण त्यावर मी लाखो पासपोर्ट काढलेत.

---

नवशिका८८

सर्वांना नमस्कार. वाचून हुरूप आला. घरात बाबांचा निकॉन एफएम१० सापडलाय. किती खर्च येतो आणि धुवायचं कुठं? मी अशोक चौकात राहतो.

---

कोरडवाहू

खर्चाचं खरं सांगतो, मग पळून जाऊ नका. मागच्या वेळी ब्लॅक अँड व्हाइटचा एक रोल मला हजाराच्या आसपास पडला. छत्तीस फोटो. म्हणजे दर वेळी बटण दाबलं की जवळपास अठ्ठावीस रुपये गेले. मोठ्या फिल्मवर मला बाराच मिळतात, हिशेब मी करतच नाही.

रंगीत रोल मी बाहेरगावी पाठवतो. एका लॅबनं एकदा माझ्या निगेटिव्ह कापताना फ्रेमच्या मधोमध कात्री चालवली. सलग सहा पट्ट्या. वर पाकिटावर हसरा चेहरा काढून पाठवला. तेव्हापासून "न कापता पाठवा" असं लाल पेननं लिहितो.

ब्लॅक अँड व्हाइट मात्र घरी धुवा. टाकी, रीळ, थर्मामीटर आणि दोन औषधं, एवढंच. अडचण आपल्या पाण्याची. कॉर्पोरेशनचं पाणी चार-पाच दिवसांआड, तेही आलं की आधी पिण्याचं, मग टाकीचं, आणि आपण म्हणतो फिल्म वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवा? घरात राहू देतील का? म्हणून इलफर्डची रीत वापरतो. टाकी भरायची, पाच वेळा उलटीसुलटी करायची, ओतायची. परत भरून दहा वेळा. परत भरून वीस वेळा. झालं. छोटी टाकी असेल तर लिटर-दीड लिटरमध्ये फिल्म स्वच्छ. ते पाणी मी संडासात टाकतो, तेही वाया जात नाही. शेवटचं बुचकळणं बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड पाण्यात, नाहीतर क्षाराचे डाग पडतात आणि ते आभाळात ताऱ्यांसारखे दिसतात.

तापमान २० अंश हवं असतं. मार्चनंतर विसरा. माठातलं पाणी वापरा, आपल्याकडं हवा कोरडी असल्यानं माठ चांगला गार होतो. तरी २४ च्या खाली मला क्वचितच मिळतं. एफपी४ ला डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेआठ मिनिटं, २४ ला सहाच्या आसपास. मुख्य म्हणजे सगळी पाणी एकाच तापमानाची ठेवा. गारातून एकदम गरमात टाकली की फिल्मवरचा थर सुरकुततो, आणि ताई म्हणतात तशा सुरकुत्या मग सगळ्यांनाच येतात.

---

हायपो

रंगीतचं डेव्हलपर ३८ अंशांना लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून थेट घ्या, गरम करायची गरज नाही.

नवशिका, विकतचं पाकीट नको असेल तर डी-७६ घरीही करता येतं. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. याच क्रमानं, फक्त मेटॉलच्या आधी चिमूटभर सल्फाइट टाकायचं. मी स्वतः कडक उन्हाच्या फिल्मला डी-२३ वापरतो. त्यात दोनच जिन्नस, मेटॉल साडेसात ग्रॅम आणि सल्फाइट १००. वेळ जास्त घेतं, पण पांढऱ्याला सांभाळून घेतं. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीत भर दुपारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं काढायची तर मला दुसरं काही चालत नाही. हातमोजे घाला, मेटॉलनं काहींच्या हाताला खाज सुटते. माझ्या सुटते.

---

नवशिका८८

धन्यवाद काका. एफएम१० वर भिंग कुठलं लावू? झूम आलाय सोबत.

---

पडदाफाटका

झूम राहू दे, जुनं ३५ मिमी मिळालं तर बघ, ज्याच्यावर अंतराचे आकडे कोरलेत असं. मी रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात निकॉनला ३५ लावून जातो. एफ/८, अंतर पाच मीटरवर. आता अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं फोकसमध्ये. फिरकीला हातच लावायचा नाही. दलाल टॉवेलाखाली हातात हात घालून बोटांवर भाव ठरवतात, त्यात आपण फोकस शोधत बसलो तर बैल विकून दावणीला लागतो.

---

सेन्सरवाला

येत्या रविवारी मीही येतो सांगोल्याला. कॅमेरा माझा मी आणीन. बघूच धोतर कुणाचं बरं येतं. काय बोलूलालाव?

---

पडदाफाटका

ये बे. पहाटे साडेपाच, स्टँडवर. चहा तुझा.

---

कोरडवाहू

(महिना उलटलाय, धागा वर काढतो.)

हायपोकाकांचा फिल्टर घेऊन परवा त्याच वस्तीवर गेलो. ज्वारी निघाली होती. खळ्यावर कणसं खुडायचं चाललेलं, कडब्याच्या पेंढ्या एका बाजूला रचलेल्या. आधी माफी मागितली. आजी म्हणाल्या, "त्यात काय, यंत्राला काय कळतंय." हे मला जास्त लागलं.

या वेळी आधी विचारलं, कसा काढू. त्यांनी अर्धा तास घेतला. लुगडं बदललं, सुनेला बोलावलं, नातीला कॉलेजचा ड्रेस घालायला लावला, आजोबांनी फेटा बांधला. सर्जाची शिंगं तेल लावून पुसली, गळ्यात घुंगरमाळ घातली. सगळे ताठ, एका ओळीत, हात खाली. एरवी मी म्हटलं असतं, सैल उभे राहा. नाही म्हटलं. हिरवा फिल्टर, १/६०, एफ/८ आणि एफ/११ च्या मधोमध, काकांनी सांगितलेला अर्धा स्टॉप धरून. एक काढला. मग मोबाईलवर एक रंगीतही काढला. सेन्सरवाला, हस.

आज दोन्ही प्रिंट देऊन आलो. आधी रंगीत फोटो हातोहात फिरला, लुगड्याचा रंग बघून झाला. मग हा. कुंकू असं आलंय, काका, की तुम्ही सांगितलेला शाईचा ठिपकाच. आजींनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. नात म्हणाली, हा जास्त भारी आहे, मी स्टेटसला टाकू का?

आजोबा मात्र गप्प. चष्मा लावून बघत राहिले. मग माझ्यापुढं फोटो धरला.

"शिंगं कुटं गेली ह्येची?"

बघतो तर खरंच, दोन्ही शिंगांची टोकं फ्रेमच्या वर कापलेली. काचेत मला पूर्ण दिसली होती, अगदी कडेला टेकून. खिलाराची शिंगं आणि तीच कापली.

---

हायपो

वरचं भिंग खालच्यापेक्षा चार-साडेचार सेंटिमीटर उंच असतं. ते जेवढं वरचं बघतं तेवढं खालचं भिंग बघत नाही. जवळून काढताना डोक्यावर चार बोटं मोकळी सोडायची. हे सांगायचं माझंच राहिलं.

फिल्टर राहू दे तुमच्याकडं.